‘तळे राखील तो पाणी चाखील’ : लोकप्रतिनिधींच्या हितविरोधाची परिभाषा

१

परिभाषाविचाराच्या तासाला पदव्युत्तर वर्गास अनुवादासाठी एक लहानसे इंग्रजी वृत्त दिले होते. एका नगरपालिकेच्या सभासदाने आपल्या सख्ख्या बंधूच्या निविदेवर समितीत मत दिले, एवढाच त्याचा आशय. मूळ वृत्तात या प्रकारास ‘कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट’ म्हटले होते. उत्तरपत्रिका पाहता असे आढळले की, बहुतेकांनी तेथे सरळ ‘भ्रष्टाचार’ हा शब्द घातला होता; काहींनी ‘हितसंबंधांचा संघर्ष’ असे शब्दशः भाषांतर केले होते; एकाने ‘वशिलेबाजी’ लिहिले होते. एका विद्यार्थिनीने मात्र जागा मोकळी सोडून समासात लिहिले होते : ‘तळे राखील तो पाणी चाखील, असे म्हणता येईल काय?’

या चार उत्तरांपैकी कोणते ग्राह्य, हा प्रश्न वरवर पाहता कोशकाराचा वाटतो. परंतु लोकप्रतिनिधी सभागृहात राहणार की जाणार, लाच घेणारा सदस्य न्यायालयापुढे उभा राहणार की नाही, हे आपल्या देशात अनेकदा एखाद्या शब्दाच्या, किंबहुना एखाद्या शब्दयोगी अव्ययाच्या अर्थावर ठरले आहे. म्हणून या परिभाषेचा विचार केवळ विधिज्ञांवर सोपवून चालणार नाही. प्रस्तुत लेखात काही प्रत्यक्ष प्रकरणांच्या आधारे तो करावयाचा आहे.

२

प्रथम घरातील शब्द पाहू. ‘लाच’ हा शब्द मराठीत प्राकृताच्या द्वारे आला असून त्याचे संस्कृत रूप ‘लञ्चा’ होय. ‘वशिला’ हा अरबी ‘वसीला’, म्हणजे साधन अथवा द्वार, या शब्दाचा वंशज आहे. पहिल्या शब्दात देणारा, घेणारा व दिली जाणारी वस्तू या तिन्ही गोष्टी गृहीत आहेत. दुसऱ्यात वस्तू नाही, परंतु मध्यस्थ आहे. दोन्ही शब्द घडलेल्या व्यवहारास उद्देशून आहेत.

‘भ्रष्टाचार’ या शब्दाची जात निराळी आहे. ‘भ्रष्ट’ म्हणजे स्थानावरून ढळलेला, पडलेला. जुन्या मराठीत ‘भ्रष्ट होणे’ हा प्रयोग प्रामुख्याने बाटणे, आचारधर्मापासून च्युत होणे या अर्थी येतो. ‘भ्रष्टाकार’ या शब्दात सोवळे मोडल्याचा तो जुना वास अद्याप शिल्लक आहे. हाच शब्द पुढे सार्वजनिक पैशाच्या व अधिकाराच्या गैरवापरास लावला गेला. त्यामुळे त्यात दोन छटा कायमच्या राहून गेल्या. एक, हा व्यक्तीच्या अंगावरचा डाग आहे. आणि दुसरी, तो डाग कृतीनंतर लागतो. कृतीपूर्वी मनुष्य शुद्ध, कृतीनंतर तो भ्रष्ट.

वरील वृत्तातील सभासदास हे वर्णन लागू पडते काय? त्याने कदाचित कोणाचा एक पैसाही घेतला नसेल. त्याच्या बंधूची निविदा कदाचित खरोखरच सर्वांत स्वस्त असेल. तरीही तेथे काहीतरी अनुचित आहे, असे आपणांस वाटते. आणि ते अनुचित मत देण्याच्या क्षणी निर्माण झालेले नसून, बंधूने निविदा भरली व हा सभासद समितीत बसला, त्याच वेळी निर्माण झालेले आहे. तात्पर्य, भ्रष्टाचार ही कृती आहे. आपण ज्याचा शोध घेत आहोत ती स्थिती आहे. कृतीचे नाव स्थितीस दिले की दोन अनर्थ संभवतात. ज्याने काही केलेले नाही त्यास आपण भ्रष्ट ठरवितो. अथवा, ‘मी काहीच केले नाही’ एवढ्या उत्तरावर त्यास सोडून देतो.

‘हितसंबंधांचा संघर्ष’ हे भाषांतर तरी ही अडचण दूर करते काय? इंग्रजी ‘इंटरेस्ट’ या शब्दाचे मूळ लॅटिन आहे. ‘मध्ये असणे’ हा त्याचा धात्वर्थ. व्याज, रस, हित, हिस्सा असे त्याचे अर्थ इंग्रजीत एकाच छत्राखाली नांदतात. मराठीत त्या प्रत्येकास स्वतंत्र शब्द आहे, हे आपले वैभवच होय. परंतु ‘हितसंबंध’ या शब्दास राजकीय लेखनात आधीच निंदाव्यंजक अर्थ चिकटलेला आहे, आणि ‘संघर्ष’ म्हटले की दोन पक्ष डोळ्यांपुढे येतात. ‘हितसंबंधांचा संघर्ष’ असे वाचणाऱ्या सामान्य वाचकास दोन ठेकेदारांचे भांडण चालू असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात येथे भांडणारे कोणी नाही. एकाच मनुष्यावर एकाच वेळी दोन कर्तव्ये येऊन पडली आहेत, इतकेच.

व्याकरणाच्या अभ्यासकास अशी परिस्थिती परिचित आहे. एकाच स्थळी तुल्यबळ असे दोन नियम एकाच वेळी प्राप्त झाले, तर त्या स्थितीस पाणिनीय परंपरेत ‘विप्रतिषेध’ म्हणतात. तेथे कोणता नियम बलवान समजावा हे सूत्रकाराने आधीच सांगून ठेवले आहे. तो निवाडा त्या शब्दरूपावर सोडलेला नाही. लोकप्रतिनिधीच्या बाबतीतही मर्म हेच आहे. सार्वजनिक कर्तव्य आणि खाजगी हित एका ठिकाणी प्राप्त झाले असता कोणी माघार घ्यावयाची, हे आधी ठरलेले असावे, आणि ते त्या प्रतिनिधीने स्वतः ठरवू नये. या स्थितीस मी ‘हितविरोध’ असे म्हणतो. हा शब्द सर्वस्वी नवा नाही. परंतु तो ‘भ्रष्टाचार’ या शब्दापासून काळजीपूर्वक अलग ठेवला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

३

आपल्या कायद्यांनी ही स्थिती ओळखलेली नाही, असे नाही. ग्रामपंचायतीच्या पातळीवर तर ती फार स्पष्टपणे ओळखली आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या चौदाव्या कलमाचा आशय असा की, पंचायतीच्या कामात किंवा तिच्याशी झालेल्या करारात ज्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, स्वतः वा भागीदारामार्फत, हिस्सा किंवा हितसंबंध असेल, तो सदस्य राहण्यास अपात्र होतो. येथे लाच घेतली काय, अधिक दर लावला काय, हे प्रश्नच विचारलेले नाहीत. संबंध असणे पुरेसे आहे.

मात्र ‘हितसंबंध’ कशास म्हणावे, हा प्रश्न उरतोच. विदर्भातील एका नगरपालिकेच्या निवडणुकीचे प्रकरण १९६६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले. उमेदवाराचा मुलगा त्याच नगरपालिकेत मोहरीर म्हणून नोकरीस होता. पिता या नात्याने उमेदवाराचा त्या नोकरीत हितसंबंध आहे काय? न्यायालयाने नकारार्थी उत्तर दिले. केवळ नाते म्हणजे हितसंबंध नव्हे. काही भौतिक, आर्थिक स्वरूपाचे हित दाखविता आले पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय होता.

याच्या शेजारी गोव्यातील एक प्रकरण ठेवून पाहावे. एका पंचायत सदस्येच्या पतीने पंचायतीच्या कामाचा करार घेतला होता. उपर्युक्त न्यायाने पाहता नाते म्हणजे हितसंबंध नव्हे. परंतु गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या व्यवस्थेनुसार, विवाहसमयी निराळा करार केला नसल्यास, पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते. पतीच्या लाभात पत्नीचा वाटा कायद्यानेच असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ही सदस्या अपात्र ठरविली. तोच शब्द, तेच नात्यांचे जग. परंतु मालमत्तेची घडण बदलताच ‘हितसंबंध’ या शब्दाचा विस्तार बदलला. शब्दाचा अर्थ कोशात अर्धाच असतो, उरलेला समाजव्यवस्थेत असतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

संसदेच्या व विधानमंडळाच्या सदस्यांसाठी हा शब्द कोठे आहे? तो आरंभी होता. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमात, शासनास माल पुरविण्याच्या वा शासनाची कामे करण्याच्या करारात ज्याचा ‘हिस्सा किंवा हितसंबंध’ असेल, तो अपात्र मानला होता. या तरतुदीचा पहिला मोठा प्रसंग भंडारा मतदारसंघात उद्भवला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तेथून निवडून आलेले चतुर्भुज जसानी हे विड्यांच्या व्यापारातील एका पेढीचे भागीदार होते, आणि ती पेढी सैनिकांच्या उपयोगासाठी शासनास विड्या पुरवीत असे. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली त्यांचा त्या करारात हितसंबंध असल्याचा निर्णय दिला. भंडाऱ्याच्या १९५४ च्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते, हे अनेक वाचकांस स्मरत असेल. त्याच वर्षी त्या मतदारसंघाने एका शब्दाचे सामर्थ्य अनुभवले होते, ही गोष्ट मात्र विस्मृतीत गेली आहे.

पुढे १९५८ साली या कलमाची शब्दरचना बदलण्यात आली. आजच्या रूपात, सदस्याने ‘स्वतः आपल्या व्यापाराच्या ओघात’ शासनाशी केलेला व चालू असलेला करारच त्यास अपात्र करतो. ‘हिस्सा’ गेला, ‘हितसंबंध’ही गेला. एवंच, गावच्या पंचायतीच्या सदस्यास जो शब्द आजही बांधून ठेवतो, तो संसदेने आपल्या व विधानमंडळांच्या सदस्यांच्या अंगावरून उतरविलेला आहे. लहान तळ्याच्या राखणदारावर कडक नजर आणि मोठ्या तळ्याच्या राखणदारावर सैल, हा क्रम विचारात पाडणारा आहे.

४

मोठ्या तळ्यासाठी निराळी संज्ञा योजिलेली आहे : ‘लाभाचे पद’. तिचा उगम इंग्लंडमध्ये आहे. राजा पदे व वेतने देऊन कॉमन्स सभागृहातील सदस्यांना वश करून घेतो, या भीतीपोटी १७०१ च्या वारसाविषयक कायद्यात अशी पदे धारण करणाऱ्यांस सदस्यत्वाची बंदी घालण्यात आली. ते कलम अमलात येण्यापूर्वीच रद्द होऊन त्याच्या जागी अधिक मर्यादित नियम आले. परंतु कल्पना टिकली. तिचे एक विनोदी अपत्यही आहे. कॉमन्सच्या सदस्यास राजीनामा देण्याची सोय नसल्यामुळे, ज्यास सभागृह सोडावयाचे असेल त्यास ‘चिल्टर्न हंड्रेड्स’ची नाममात्र कारभारकी देतात. त्या पदात लाभ काडीचा नाही. परंतु शब्दाने ते लाभाचे पद असल्यामुळे सदस्यत्व आपोआप संपते.

आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १०२ व १९१ मध्ये ही संज्ञा आली. शासनाच्या अधीन लाभाचे पद धारण करणारा सदस्य अपात्र. मात्र जी पदे विधिमंडळ कायद्याने वगळील ती सोडून. ‘लाभाचे पद’ याची व्याख्या संविधानात नाही. त्यामुळे न्यायालयांना एकेक पद तपासून अर्थ घडवीत जावे लागले. कोपरगावच्या १९७२ च्या विधानसभा निवडणुकीतून निघालेल्या वादात, साखर उद्योगाच्या वेतन मंडळावरील सदस्यत्व हे लाभाचे पद काय, असा प्रश्न होता. पदरच्या खर्चाची भरपाई म्हणून मिळणारी रक्कम लाभ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले.

या शब्दाचा खरा व्याकरणिक पेच २००६ साली पुढे आला. राज्यसभेच्या सदस्या जया बच्चन या उत्तर प्रदेशच्या चित्रपट विकास परिषदेच्या अध्यक्षा होत्या. त्या पदास दरमहा ५,००० रुपयांचे मानधन व इतर सोयी होत्या. आपण यांतील काहीही घेतलेले नाही, हा त्यांचा बचाव. प्रश्न असा की, ‘लाभाचे पद’ या षष्ठीतील संबंध भूतकाळी वाचावा की शक्यतार्थी? ज्यातून लाभ मिळाला ते पद, की ज्यातून लाभ मिळू शकतो ते पद? सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २००६ रोजी दुसरा अर्थ स्वीकारला. लाभ घेतला की नाही हे अप्रस्तुत आहे. तो मिळण्याजोगा होता की नाही, एवढेच पाहावयाचे. हा निर्णय अनेकांस कठोर वाटला. परंतु वर केलेल्या भेदाच्या दृष्टीने पाहता तो सयुक्तिक आहे. येथे कृतीची चौकशी नाही. स्थितीचा निर्णय आहे. त्यात कोणाच्याही चारित्र्यावर डाग नाही.

यानंतर जे घडले ते या विषयाचे मर्म उघड करते. राष्ट्रीय सल्लागार परिषदेच्या अध्यक्षपदावरून वाद उठताच श्रीमती सोनिया गांधी यांनी मार्च २००६ मध्ये लोकसभेचा राजीनामा दिला व त्या मे महिन्यात पुन्हा निवडून आल्या. दरम्यान, अनेक पदे अपात्रतेतून वगळणारे, आणि तेही पूर्वलक्षी प्रभावाने वगळणारे, दुरुस्ती विधेयक संसदेने संमत केले. राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी ते पुनर्विचारार्थ परत पाठविले. संसदेने ते पुन्हा संमत केले आणि ऑगस्ट २००६ मध्ये त्यास संमती मिळाली. पुढे २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. वैधतेविषयी आता वाद नाही. परंतु आपण अपात्र व्हावयाचे की नाही हे ठरविणाऱ्या मतदानात, ज्यांची पदे धोक्यात होती असे सदस्यही असू शकतात, या स्थितीस हितविरोध म्हणावयाचे नाही तर दुसरे काय म्हणावयाचे? विप्रतिषेधाचा निवाडा येथे शब्दरूपानेच केला.

५

लाभाचे पद हा स्थितीचा भाग झाला. आता कृतीकडे, म्हणजे प्रत्यक्ष लाचेकडे वळू. येथेही शब्दच आडवे आले. लाचविषयक कायदा ‘लोकसेवक’ या संज्ञेभोवती रचलेला असतो. विधानसभेचा सदस्य लोकसेवक आहे काय? महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांच्याविरुद्धच्या खटल्यात हा प्रश्न निघाला. त्या खटल्यातील आरोपांच्या खरेखोटेपणाशी येथे कर्तव्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९८४ मध्ये असे ठरविले की, आमदारास वेतन मिळत असले तरी तो ‘शासनाच्या वेतनावर’ नाही. कारण शासन म्हणजे कार्यकारी सत्ता, आणि आमदार तिचा नोकर नव्हे. सबब दंडसंहितेच्या व्याख्येनुसार तो लोकसेवक नव्हे.

शब्दार्थाच्या दृष्टीने हा निर्णय रेखीव होता. परंतु सामान्य मराठी वाचकास त्याचा काय बोध व्हावा? जो प्रत्येक सभेत स्वतःस जनतेचा सेवक म्हणवितो, तो कायद्याच्या भाषेत लोकसेवक नाही! १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाने व्याख्या विस्तृत केली. ज्या पदामुळे सार्वजनिक कर्तव्य करण्याचा अधिकार वा भार येतो, असे पद धारण करणारा तो लोकसेवक, असा अर्थ तीत आला. आणि १९९८ साली न्यायालयाने संसद सदस्य या व्याख्येत बसतो, असे मानले.

परंतु त्याच १९९८ च्या निर्णयात दुसरा पेच होता, आणि तो सर्वांत गंभीर होय. २८ जुलै १९९३ रोजी पंतप्रधान नरसिंह राव यांच्या सरकारविरुद्धचा अविश्वासाचा ठराव लोकसभेत २५१ विरुद्ध २६५ मतांनी फेटाळला गेला. ठरावाविरुद्ध मत देण्यासाठी काही सदस्यांनी पैसे घेतले, असा आरोप झाला. संविधानाच्या अनुच्छेद १०५ च्या दुसऱ्या खंडाचा आशय असा की, संसदेत केलेल्या भाषणाच्या किंवा दिलेल्या मताच्या ‘संबंधात’ सदस्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात कार्यवाही होणार नाही. मतासाठी घेतलेली लाच ही त्या मताच्या ‘संबंधात’ आहे काय?

पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी ‘संबंधात’ हा शब्द व्यापक अर्थाने घेतला. मताशी जे जे निगडित, ते ते सर्व त्याच्या संबंधात. परिणाम विलक्षण झाला. ज्यांनी पैसे घेऊन त्याबरहुकूम मत दिले, असा आरोप होता, त्यांस संरक्षण मिळाले. ज्या एका सदस्यावर पैसे घेतल्याचा आरोप होता, परंतु ज्याने मतच दिले नव्हते, त्यास मात्र संरक्षण मिळाले नाही. कारण त्याच्या बाबतीत ‘दिलेले मत’च नव्हते! लाचेचा करार इमानाने पाळणारा सुरक्षित आणि तो मोडणारा आरोपी, अशी ही स्थिती होती. अल्पमतातील दोन न्यायमूर्तींचे म्हणणे असे होते की, लाच स्वीकारल्याबरोबर गुन्हा पूर्ण होतो. पुढे मत दिले की नाही, याचा त्याशी संबंध नाही.

तो अर्थ कायद्याचा अर्थ होण्यास सव्वीस वर्षे लागली. झारखंडमधील राज्यसभेच्या एका निवडणुकीत लाच घेतल्याचा आरोप असलेल्या विधानसभा सदस्येच्या प्रकरणात, सात न्यायमूर्तींच्या पीठाने ४ मार्च २०२४ रोजी एकमताने १९९८ चा निर्णय बाजूस सारला. लाच घेणे हे सभागृहातील कार्याचा भाग नव्हे. ते कार्य करण्यासाठी त्या संरक्षणाची आवश्यकताही नाही. सबब विशेषाधिकार लाचेस लागू नाही. संविधानाच्या शब्दांत तसूभर बदल झाला नाही. बदलला तो एका शब्दयोगी अव्ययाचा आवाका.

६

न्यायालयांपलीकडे सभागृहांची स्वतःची शिस्त आहे, आणि तिचा इतिहास न्यायालयीन इतिहासाहून अधिक आशादायक आहे. हंगामी संसदेचे मुंबईचे सदस्य ह. गो. मुद्गल यांनी मुंबईच्या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून मोबदला घेऊन संसदेत प्रश्न विचारणे, दुरुस्त्या सुचविणे व मंत्र्यांच्या भेटी घडवून आणणे अशी कामे केली, असा आरोप झाला. पंतप्रधान पंडित नेहरू यांनी स्वतः जून १९५१ मध्ये चौकशी समितीचा ठराव मांडला. मुद्गल नेहरूंच्याच पक्षाचे होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हे वर्तन सभागृहाच्या प्रतिष्ठेस बाधक ठरविले. हकालपट्टीच्या ठरावावर चर्चा चालू असतानाच सप्टेंबरमध्ये मुद्गल यांनी राजीनामा दिला. तेव्हा ते हकालपट्टीसच पात्र होते, अशी सभागृहाने नोंद केली.

यानंतर चोपन्न वर्षांनी, डिसेंबर २००५ मध्ये, पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचे छुप्या चित्रणातून दिसून आल्यावर लोकसभेच्या दहा व राज्यसभेच्या एका सदस्यास काढून टाकण्यात आले. लोकसभेच्या त्या दहांपैकी दोघे जळगाव जिल्ह्यातील मतदारसंघांतून निवडून आलेले होते. सभागृहास असा अधिकार आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००७ मध्ये दिला.

ही दोन्ही उदाहरणे कृतीची आहेत. स्थितीची नोंद घेण्याचे प्रयत्न तुलनेने अलीकडचे. राज्यसभेची नीतिविषयक समिती १९९७ साली शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाली. राज्यसभेच्या नियमांनुसार सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही ठेवली जाते. मोबदल्याचे संचालकपद, मोबदल्याचे नियमित काम, नियंत्रण देणारी भागधारणा, सशुल्क सल्लागारी आणि व्यावसायिक काम अशा पाच बाबी तीत येतात. लोकसभेच्या नियमांत, वैयक्तिक, आर्थिक वा प्रत्यक्ष हितसंबंधाच्या कारणावरून एखाद्या सदस्याच्या मतास हरकत घेता येते. मात्र ते हित केवळ त्या व्यक्तीचे असावे लागते; सर्व जनतेस किंवा एखाद्या वर्गास समान असलेले हित चालत नाही. हा अपवाद समर्थनीय आहे. शेतकरी सदस्याने शेतीवरील विधेयकावर मत देऊ नये, असे म्हटले तर प्रतिनिधित्वाचाच लोप होईल. परंतु कारखानदार, शिक्षणसंस्थाचालक वा बांधकाम व्यावसायिक हे ‘वर्ग’ मानले की अपवादाचे दार किती रुंद उघडते, हेही उघड आहे. ज्या गावात एकच कारखाना आहे, तेथे कारखानदारांचा वर्ग म्हणजे एक मनुष्य.

७

आता त्या विद्यार्थिनीच्या समासातील प्रश्नाकडे परत येऊ. ‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण आपल्या विषयाच्या अत्यंत निकट आहे. ‘आपल्या पोळीवर तूप ओढणे’ किंवा ‘हात ओला तर मैतर भला’ यांत कृती आहे. या म्हणीत प्रथम स्थिती आहे. राखणदारी आणि तहान एकाच मनुष्याच्या ठिकाणी एकवटलेली आहेत, हे तिने अचूक हेरले आहे. हितविरोधाची कल्पना मराठी मनास परकी आहे, असे म्हणणाऱ्यास ही म्हण पुरेसे उत्तर आहे.

परंतु तिची क्रियापदे पाहावीत. ‘राखील’ आणि ‘चाखील’ ही दोन्ही एकाच रूपाची, यमकाने बांधलेली. एक घडले की दुसरे घडणारच, असा निसर्गनियमाचा थाट त्या रूपात आहे. ‘चाखू नये’ असे म्हण म्हणत नाही; ‘चाखू शकेल, म्हणून पाहरा ठेवावा’ असेही म्हणत नाही. ती स्थिती ओळखते आणि त्याच श्वासात तिला क्षमा करते. आपल्या सार्वजनिक बोलण्यात अशीच दोन टोके दिसतात. एका टोकास प्रत्येक गोष्टीस ‘भ्रष्टाचार’ म्हणून ओरडणे, आणि दुसऱ्या टोकास ‘चालायचेच’ म्हणून मान डोलाविणे. या दोहोंमधील जागा शब्दावाचून रिकामी आहे. आणि जेथे शब्द नाही तेथे प्रश्नही विचारला जात नाही.

म्हणून तीन संज्ञा वेगळ्या ठेवाव्यात, अशी सूचना करून हा लेख पुरा करतो. स्थितीस ‘हितविरोध’ म्हणावे; तो सांगून टाकावा आणि त्या विषयापुरते दूर व्हावे; त्यात लाज नाही. कायद्याने निषिद्ध मानलेल्या स्थितीस ‘अपात्रता’ म्हणावे. तिचा निर्णय पदाकडे पाहून करावा, मनुष्याच्या चारित्र्याकडे पाहून नव्हे. ‘भ्रष्टाचार’ हा शब्द सिद्ध झालेल्या कृतीसाठी राखून ठेवावा, म्हणजे त्याची धार राहील. हा भेद ज्या मतदाराच्या जिभेवर असेल, तो आपल्या प्रतिनिधीस ‘तुम्ही पैसे खाल्ले काय?’ एवढेच विचारून थांबणार नाही. कारण या प्रश्नास नकारार्थी उत्तर देणे सोपे असते. तो विचारील, ‘या ठरावात आपले काही आहे काय? असल्यास, मतदानाच्या वेळी आपण कोठे होता?’ या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सभेच्या इतिवृत्तात सापडते.

त्या विद्यार्थिनीस मी पूर्ण गुण दिले; फक्त म्हणीखाली एक ओळ लिहिली, की पाणी कोणी चाखले हे शोधण्यापूर्वी राखणीस कोणास बसविले आहे, ते पाहावे.